लिंबाचे चार थेंब आणि श्रावणी सोमवार

एका काडीच्या दोन्ही टोकांना कापूस गुंडाळायचा. काडीच्या बरोबर मध्यावर दोरा बांधायचा, म्हणजे ती हवेत आडवी लटकेल. एक टोक वीस सेकंद जिभेवर ठेवायचं. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे आणि काडीचं दुसरं टोक तेवढाच वेळ धरायचं. आता काडी दोऱ्याला टांगली की लिंबाकडचं टोक लाळेनं जड होऊन किती झुकतं ते बघायचं. १९६०च्या दशकात ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ हा प्रयोग करत होते, त्यांत हान्स आयसेंक हे मोठं नाव. अबोल, माणसांच्या गर्दीत कमी रमणाऱ्यांची काडी सरासरीनं जास्त झुकली. बडबड्या, चार माणसांत खुलणाऱ्यांची त्या मानानं आडवी राहिली.

स्वभाव लाळेत दिसावा, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. आयसेंक यांचं म्हणणं असं की, मेंदूला जागं ठेवणारी जी यंत्रणा आहे ती अंतर्मुख माणसात मुळातच अधिक जागी असते. त्यामुळे लिंबू तेच, पण त्याला ते जास्त आंबट. आवाज तोच, पण त्याच्या कानाला तो मोठा. पुढच्या संशोधनात चित्र याहून गुंतागुंतीचं निघालं, तरी बाहेरून येणारं सगळं प्रत्येकाला सारख्याच जोरानं लागत नाही, ही गोष्ट टिकून राहिली.

आता हा माणूस श्रावणी सोमवारी परळीत आणून उभा करा. टेकडीवरच्या वैजनाथाच्या रुंद दगडी पायऱ्यांवर पहाटेपासून रांग. बेलाची पानं, भिजलेले कपडे, घंटा, गजर, लाउडस्पीकर. शिवलिंगाला हात लावून दर्शन घ्यायची इथली जुनी रीत. देवांनी अमृत आणि धन्वंतरी याच लिंगात लपवले, असं परळीची कथा सांगते. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या देवळात माणसाला माणूस खेटून पुढे सरकतं. घरी यावं तर परभणीकडच्या, लातूर रोडकडच्या गाड्यांनी आलेले पाहुणे ओसरीपासून माजघरापर्यंत बसलेले. दुपारी कधीतरी कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे कुणाचं तरी लक्ष जातं आणि ठरलेली वाक्यं येतात. घुमा आहे बघा. तोंडात मूग गिळून बसलाय. चार माणसांत मिसळावं की रे जरा!

तो रुसलेला नसतो आणि माणूसघाणाही नसतो. त्याचा पेला भरलेला असतो, एवढंच.

रसेल गीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८४ साली हे फार सुंदर रीतीनं दाखवलं. शब्दांचा एक खेळ शिकायचा आणि तो शिकताना कानात गोंगाट चालू. मात्र गोंगाट किती मोठा ठेवायचा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बहिर्मुखांनी सरासरी ७२ डेसिबलच्या आसपास आवाज ठेवला, अंतर्मुखांनी ५५च्या. आपापल्या आवाजात दोघंही जवळपास सारखंच शिकले. मग गीन यांनी अदलाबदल केली. अंतर्मुखांना मोठा आवाज दिला, ते अडखळले. बहिर्मुखांना हळू आवाज दिला, तेही मागे पडले! या दुसऱ्या निकालाकडे आपण सहसा बघत नाही. बोलक्या मुलाला सुनसान खोलीत डांबून अभ्यासाला बसवणं हाही त्याच्यावर अन्यायच आहे.

हे किती लवकर दिसतं? हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांची बाळं घेतली आणि त्यांना अनोळखी आवाज ऐकवले, रंगीत खेळणी डोळ्यांसमोर हलवली. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडत रडायला लागलं. वाटेल की हीच पुढे दांडगट होणार. केगन यांनी या मुलांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला. पुढे सावध, गंभीर, अबोल होण्याचा कल त्यांच्यातच जास्त दिसला. शांत पडून राहिलेली बाळं मोठेपणी बिनधास्त होण्याकडे झुकली. पाळण्यात इतकं काही दिसत असेल, तर दहाव्या वर्षी त्या मुलाला ‘सुधारायला’ निघणाऱ्यांनी थोडं थांबावं.

पण एक फरक ओळखायलाच हवा. एकट्यानं वेळ घालवून ताजंतवानं वाटतं, तो स्वभाव. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, आवडीच्या गोष्टींतलं मन उडालं आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर ‘तो आहेच अबोल’ म्हणून सोडून देऊ नये. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक यासाठीच आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तर परळीपासून तासाभराच्या आत.

त्याच अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या दत्तभक्तानं त्यावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. गावाबाहेर मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११० मानतात. इतक्या शतकांपूर्वीच्या माणसांवर अंतर्मुख असा शिक्का मारायचं धाडस मी करणार नाही. मात्र ४० फूट कापड अक्षरांनी भरायला किती निवांत, अखंड वेळ लागला असेल, याचा विचार करून पाहा. आपल्या मुलखानं त्या एकांताचा मान ठेवला. घरातल्या माणसानं तासभर एकांत मागितला की मात्र आपल्याला त्यात शिष्टपणा दिसतो.

अंतर्मुख माणसाला माणसांत वावरता येत नाही, असं मुळीच नाही. कॅनडाचे प्राध्यापक ब्रायन लिटल हे स्वतः पक्के अंतर्मुख, पण वर्गात ते असे रंगत की विद्यार्थी खुळावत. एका सैनिकी महाविद्यालयात व्याख्यानाला गेले की ते दुपारचं जेवण टाळून नदीकाठी एकटे फिरत. पुढे जागा बदलली, नदी उरली नाही, तेव्हा ते चक्क स्वच्छतागृहात दडून बसत. त्यांचं सांगणं असं : जे आपल्याला मनापासून प्रिय आहे, त्यासाठी आपण स्वभावाच्या पलीकडे जातो, पण त्यानंतर सावरायला जागा लागते.

परळीच्या घरात अशी जागा सगळ्यांत कमी मिळते ती सुनेला. पुरुष चौकात जाऊन येतो, पोरं मैदानात पळतात. ती सकाळपासून साबुदाण्याची खिचडी, भगर, चहाची आधणं, मग संध्याकाळी सोमवार सोडायचा स्वयंपाक, आणि सगळ्यांशी हसून बोलणं. ते हसणं खोटं नसतं, माणसं तिची असतात. पाहुण्यांना स्टेशनवर सोडून आल्यावर ती गच्चीवरचे कपडे काढायला जाते आणि अर्धा तास खाली येत नाही. तेवढ्या वेळात जिन्यातून तिला हाक जाऊ नये, चहा दुसऱ्या कुणीतरी टाकावा. सासूबाईंनीच एकदा म्हणावं, ‘राहू द्या तिला वर, भांडी मी विसळते.’