दिव्यांग व माजी सैनिक यांच्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सामाजिक सेवा : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेतील ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा प्राप्त झाला. या दुरुस्त्यांची चर्चा बहुधा निवडणुका, महिलांचे आरक्षण व वित्त आयोग या अंगांनी होते. तथापि अकराव्या अनुसूचीतील पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत अपंगांच्या कल्याणासह समाजकल्याण हा २६ वा विषय आहे, आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या संदर्भात अपंगांसह दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा उल्लेख आहे, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. म्हणजेच दिव्यांगांची सेवा ही ग्रामपंचायतीची दानशूरता नसून तिचे घटनेने सुचविलेले कार्यक्षेत्र आहे.

हे कार्यक्षेत्र प्रत्यक्षात कसे चालते, त्याचा पैसा कोठून येतो आणि एकाच कायद्याखाली राहणाऱ्या दोन गावांतील दिव्यांगांच्या पदरात वेगवेगळे का पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या आधारे केले आहे. दिव्यांगत्व घेऊन सेवानिवृत्त झालेल्या सैनिकाचा प्रश्न याच विषयाशी निगडित असल्याने त्याचाही विचार येथे केला आहे. मांडणीसाठी अधिनियम, नियम, शासनाची धोरणे व २०११ ची जनगणना यांचा आधार घेतला असून पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

अभ्यासक्षेत्राचे स्वरूप

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार प्रत्येक तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांहून थोडी अधिक आहे. कर्जत, माथेरान व खोपोली या नगरपरिषदा आणि खालापूर नगरपंचायत वगळता उर्वरित प्रदेश ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत येतो. ठाकूर व कातकरी या आदिवासी समाजांच्या वाड्या दोन्ही तालुक्यांत विखुरलेल्या आहेत.

आर्थिकदृष्ट्या हा प्रदेश एकजिनसी नाही. खोपोली आणि रसायनी–पाताळगंगा परिसरात कारखाने आहेत. नेरळ व कर्जतच्या आसपास फार्महाऊस, विश्रामगृहे आणि नवीन गृहसंकुले उभी राहिली आहेत. डोंगरालगतच्या गावांत मात्र पावसाळी भातशेती, रानमेवा व मजुरी हेच आधार आहेत. पुढील विवेचनात ही विषमता निर्णायक ठरते.

कायद्याची चौकट

दिव्यांगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ मध्ये झाला व ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत किमान ३ टक्के राखीव हिस्सा ठेवण्याची तरतूद होती. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिल्यानंतर जुना कायदा अपुरा ठरला. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकारांची संख्या २१ झाली. सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांसारखे डोळ्यांना न दिसणारे आजारही त्यात समाविष्ट झाले. दारिद्र्यनिर्मूलन व विकास योजनांतील राखीव हिस्सा कलम ३७ अन्वये ५ टक्के झाला.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातून ३ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असे धोरण पूर्वीपासून होते. २०१८ मध्ये हे प्रमाण ५ टक्के करण्यात आले. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. कागदोपत्री चौकट अशा रीतीने भक्कम आहे. प्रश्न आहे तो तिच्या शेवटच्या टोकाचा.

मदतीचे दोन प्रकार

खेड्यातील दिव्यांग व्यक्तीपर्यंत पोहोचणारी मदत स्वरूपाने दोन प्रकारची आहे. हा भेद स्पष्ट झाल्याखेरीज पुढील विषमता कळत नाही.

पहिला प्रकार व्यक्तीशी बांधलेल्या निश्चित रकमेचा. १९८० पासून राबविली जाणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना हे त्याचे ठळक उदाहरण. तिचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आली. कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये आहे. ही रक्कम पुरेशी आहे किंवा नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु खोपोलीचा लाभार्थी व सह्याद्रीच्या कुशीतील वाडीचा लाभार्थी यांना ती सारखीच मिळते.

दुसरा प्रकार संस्थेच्या उत्पन्नाशी बांधलेल्या टक्केवारीचा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी येथे मोडतो. या निधीतून सहायक साधने, उपजीविकेसाठी साहाय्य, औषधोपचार यांसारखे वैयक्तिक लाभ देता येतात, तसेच उतरते मार्ग, कठडे यांसारख्या सामुदायिक सोयीही करता येतात. निधी स्थानिक आहे, निर्णय स्थानिक आहे, म्हणून गरजेला तो अधिक नेमका लागू पडावा अशी अपेक्षा असते.

टक्केवारीचे गणित

ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी व जागाभाडे. त्यातही घरपट्टीचा वाटा मोठा. ज्या हद्दीत कारखाना, गोदाम किंवा फार्महाऊसची रांग आहे तेथे आकारणी मोठी. जेथे कुडामातीची घरे आहेत तेथे नाममात्र.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक ग्रामपंचायती घेऊ. एकीचे वार्षिक स्वउत्पन्न १ कोटी रुपये व दुसरीचे ३ लाख रुपये मानले, तर ५ टक्क्यांप्रमाणे पहिलीत ५ लाख व दुसरीत १५ हजार रुपये राखीव होतात. दोन्ही गावांत प्रत्येकी २५ दिव्यांग व्यक्ती असल्यास पहिल्या गावात माणशी २० हजार व दुसऱ्यात माणशी ६०० रुपये येतात. दोन्ही ग्रामपंचायतींनी कायद्याचे काटेकोर पालन केले आहे. तरीही एका गावात तीनचाकी सायकल घेता येते आणि दुसऱ्या गावात अलिबागच्या दोन खेपांचा खर्चही पुरता निघत नाही.

येथे दोष सरपंचाचा नाही, ग्रामपंचायत अधिकाऱ्याचाही नाही. दिव्यांगत्व करआकारणी पाहून येत नाही. किंबहुना कुपोषण, उपचारांतील विलंब व कष्टाची कामे यांमुळे गरीब वस्तीत त्याचा भार अधिक असण्याचाच संभव. म्हणजे जेथे गरज मोठी तेथे निधी लहान, अशी ही रचना आहे.

ही उणीव अन्य मार्गाने भरून निघावी, असे म्हणता येईल. परंतु रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येत नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याची काही गावे त्या क्षेत्रात आहेत व तेथील ग्रामपंचायतींना पेसा कायद्यानुसार थेट निधी मिळतो. कर्जतमधील ठाकूर व कातकरी वाड्यांच्या ग्रामपंचायतींना तो मार्ग उपलब्ध नाही. त्यांना पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या योजनांवर अवलंबून राहावे लागते.

निधी खर्च होण्याच्या वेळेचाही विचार आवश्यक आहे. आर्थिक वर्ष संपत आले की शिल्लक रक्कम समप्रमाणात वाटून टाकणे हा ग्रामपंचायतीपुढील सर्वांत सोपा मार्ग असतो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मार्च महिन्यात यादी वाचली जाते तेव्हा त्यांच्यातील दिव्यांग व्यक्ती गावात नसते, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेतही नसते.

प्रमाणपत्र व अंतर

या सर्व लाभांचे प्रवेशद्वार म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळामार्फतच देणे बंधनकारक आहे. अर्ज संगणकावर होत असला तरी तपासणीसाठी शरीर रुग्णालयात न्यावेच लागते. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. तथापि ज्या तपासण्यांसाठी विशेषज्ञ किंवा खास उपकरणे लागतात त्यांच्यासाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठणे भाग पडते. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. पण वाडीपासून थांब्यापर्यंतच्या पायवाटेला सवलत लागू होत नाही, आणि ज्या सवलतीसाठी प्रमाणपत्र हवे ती प्रमाणपत्र मिळविण्याच्या पहिल्या प्रवासात उपयोगी पडत नाही.

याउलट कर्जत व खोपोली ही मुंबई उपनगरी रेल्वेची टोके आहेत. अनेक रुग्णांचे उपचार मुंबईच्या शासकीय रुग्णालयांत होतात. २०१७ च्या नियमांनुसार अर्जदार आपल्या राहत्या जिल्ह्यात अथवा जेथे त्याच्या दिव्यांगत्वावर उपचार झाले त्या शासकीय रुग्णालयात अर्ज करू शकतो. कर्जत-खालापूरच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे.

माजी सैनिकांचा प्रश्न

रायगडच्या दक्षिण भागाला सैनिकी परंपरा आहे. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे हे गाव नावानेच त्याची साक्ष देते. उत्तरेकडील कर्जत-खालापुरातील माजी सैनिकाचे कार्यालयीन केंद्रही अलिबागच, कारण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तेथे आहे. ओळखपत्र, विधवांचे साहाय्य, पाल्यांच्या शिष्यवृत्त्या ही कामे तेथून होतात. निवृत्तिवेतन संरक्षण मंत्रालयाकडून आणि वैद्यकीय सेवा एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेतून मिळते. घाटापलीकडे पुणे परिसरात १९४४ मध्ये स्थापन झालेले कृत्रिम अवयव केंद्र व खडकीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र या नामवंत संस्था आहेत.

स्थानिक संस्थेचा संबंध येतो तो मुख्यतः घरपट्टीच्या निमित्ताने. २०२० मध्ये राज्य शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या सन्मान योजनेतून एका घराच्या मालमत्ता करात सूट दिली. ही सूट योग्यच आहे; मात्र ती ग्रामपंचायतीच्या ज्या उत्पन्नातून जाते त्याच उत्पन्नातून दिव्यांगांचा ५ टक्के निधी काढला जातो, हे लक्षात ठेवावे लागते. मोठ्या ग्रामपंचायतीला हा फरक जाणवणार नाही. लहान ग्रामपंचायतीत राज्याने केलेल्या सन्मानाचा भार स्थानिक तिजोरी उचलते.

दिव्यांग माजी सैनिकाची अडचण आणखी सूक्ष्म आहे. सैन्यसेवेमुळे उद्भवलेल्या किंवा वाढलेल्या दिव्यांगत्वासाठी संरक्षण विभागाचा उंबरठा सर्वसाधारणपणे २० टक्के आहे, तर नागरी कायद्याचा ४० टक्के. त्यामुळे ३० टक्के दिव्यांगत्व असलेला सैनिक संरक्षण मंत्रालयाच्या दृष्टीने लाभास पात्र व ग्रामपंचायतीच्या दृष्टीने अपात्र ठरतो. ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असले तरी सैनिकी वैद्यकीय मंडळाचा निर्णय निवृत्तिवेतनापुरता असतो. स्थानिक योजनांसाठी त्याला पुन्हा नागरी प्रमाणपत्राच्या वाटेने जावे लागते.

नोंदवही : एक दुर्लक्षित सेवा

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मदत पथकांना डोंगर चढून पायीच जावे लागले. अशा वाड्यांत चालू न शकणारी, ऐकू न येणारी अथवा न दिसणारी व्यक्ती कोणत्या घरात आहे, हे आधीपासून लिहून ठेवलेले असणे म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होय. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवणे व धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचविणे बंधनकारक आहे. ही नोंद खरी ठेवू शकणारी यंत्रणा ग्रामपंचायतच आहे. आशा व अंगणवाडी सेविका घराघरांत जातात. नोंदवहीला निधी जवळजवळ लागत नाही, आणि प्रमाणपत्राविना राहिलेली माणसेही तीत सापडतात.

उपाययोजना

१) स्वउत्पन्नाचे ५ टक्के ही तरतूद कायम ठेवून प्रतिव्यक्ती किमान रक्कम निश्चित करावी. ज्या ग्रामपंचायतींचा निधी त्याहून कमी पडतो त्यांची तूट जिल्हा परिषद अथवा राज्य शासनाने भरून काढावी.

२) लहान ग्रामपंचायतींनी पंचायत समितीच्या समन्वयाने निधी एकत्र करून भौतिकोपचार, साधनांची दुरुस्ती, रुग्णालयापर्यंतचे वाहन अशा सामायिक सेवा उभाराव्यात. ६०० रुपयांचे वाटप विसरले जाते. वाहनाची खेप उपयोगी पडते.

३) निधीचे नियोजन पावसाळ्यात, स्थलांतरित कुटुंबे गावी असताना, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत व्हावे.

४) तपासणी शिबिरे कर्जत व खोपोली येथे ठरावीक अंतराने घ्यावीत. त्याच शिबिरांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा प्रतिनिधी असावा.

५) तमिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्यांच्या नामनिर्देशनाचा कायदा केला. महाराष्ट्रानेही त्याचा गांभीर्याने विचार करावा.

६) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनी दत्तक गावांत अशी नोंदवही तयार करण्यास साहाय्य करावे.

समारोप

दिव्यांगांच्या हक्कांचा प्रवास ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत आणि ७ प्रकारांवरून २१ प्रकारांपर्यंत झाला, ही समाधानाची बाब आहे. परंतु टक्केवारी वाढल्याने हक्क आपोआप समान होत नाही, कारण टक्केवारी ही नेहमी कशाची तरी असते. कर्जत व खालापूर तालुक्यांत ती कारखान्याच्या घरपट्टीची असू शकते वा कुडाच्या झोपडीच्या घरपट्टीची. कायद्याने दिव्यांग व्यक्तीला हक्कदार मानले आहे. तिचा वाटा मात्र गावाची मालमत्ता मोजून ठरतो. ही विसंगती दूर करणे हे केवळ ग्रामपंचायतीच्या सद्भावनेवर सोडता येणार नाही. ते राज्याच्या वित्तीय धोरणाचे काम आहे.