चिठ्ठी नको, गवाही हवी

कुंभार पिंपळगावच्या आमच्या घरात ‘शिफारस’ या शब्दाचा एकच अर्थ होता: चिठ्ठी. होस्टेलमध्ये जागा हवी असो की दवाखान्यात खाट, कुणातरी मोठ्या माणसाची चिठ्ठी आणायची. त्यामुळे शहरात बी.एस्सी. करणारी आमची भाची सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, “मामू, मला एका सरांचं शिफारसपत्र लागतंय, पण सर मला ओळखत नाहीत,” तेव्हा आम्ही लगेच विचारलं, “मग सरांना ओळखणारं कोण आहे?”

तिला अर्ज करायचा होता उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून ही योजना चालवतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला सुट्टीत एखाद्या मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं. अर्जासोबत शिक्षकाचं पत्र लागतं. भाचीनं रात्री सरांना व्हॉट्सअॅप केला होता, “सर, लेटर पाहिजे.” दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावून सांगितलं, “तुझे टक्के मार्कमेमोवर आहेतच. त्याहून वेगळं मी काय लिहू? ओळखत नसताना ओळखतो असं मी लिहिणार नाही.”

पोरगी रडकुंडीला आली होती. दुल्हाभाई म्हणाले, “आपलं तिथं कोण आहे? खेड्यातली पोर, त्यात आपलं नाव. असंच होणार.” खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच आलं. पण रात्री सरांचं वाक्य पुन्हा आठवलं. सर ‘नाही’ म्हणाले नव्हते. काय कमी आहे, ते त्यांनी सांगितलं होतं.

शिफारसपत्र ही चिठ्ठी नव्हे, ती गवाही आहे. “या विद्यार्थ्याचं काम मी पाहिलं आहे,” असं एक माणूस दुसऱ्याला सांगतो. आणि गवाही कशी असावी, हे आपल्याला ठाऊक आहे. ती आपल्या किंवा आई-बापाच्या विरुद्ध जात असली तरी खरीच द्या, अशी ताकीद सूरह निसामध्ये आहे. मग न पाहिलेल्या कामाची गवाही सरांकडून मागायची तरी कशी? त्यांना आधी काम दाखवायला हवं.

आपल्याच राज्यातलं एक मोठं उदाहरण आहे. शाळकरी भीमराव आंबेडकर मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी ते पाहिलं. ना नातं, ना ओळख. दिसलं ते मुलाचं वाचन. पुढं याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनीही नुसत्या शब्दावर भागवलं नाही. प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. भीमराव 1912 मध्ये बी.ए. झाले आणि 1913 मध्ये अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. दोन्ही वेळा शब्द टाकणाऱ्यानं आधी काम पाहिलं होतं.

भाचीकडेही दाखवण्याजोगं काम होतं. तिलाच ते काम वाटत नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिनं गावातल्या बोअरचं आणि विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं होतं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याचा जडपणा मोजला होता. ती वही पेटीत पडून होती. शेवटच्या तारखेला वीस दिवस बाकी होते. तिनं सरांना नीट ईमेल लिहिला: नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, सरांचा कोणता विषय शिकली, अर्ज कशासाठी, शेवटची तारीख कोणती. शेवटी लिहिलं, “माझी वही पाहून योग्य वाटलं तरच पत्र द्यावं. नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही.” सोबत मार्कमेमो आणि अर्जातलं निवेदन जोडलं.

सरांनी वही ठेवून घेतली. दोनदा बोलावून तासभर प्रश्न विचारले. एका विहिरीचा आकडा चुकला होता, तो पुन्हा काढायला लावला. मग पत्र लिहिलं.

घरोघरी पोरं शिकताहेत, म्हणून इतर काही गोष्टीही सांगतो. पहिल्या वर्षापासून निदान दोन शिक्षकांना तास संपल्यावर एखादा खरा प्रश्न विचारत जा. ओळख अशीच होते. पत्र किमान तीन आठवडे आधी मागा. आठवडाभर आधी अदबीनं एकदा आठवण करा, रोज नको. काही शिक्षक म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.” अशा वेळी आयतं पत्र न नेता आपल्या कामाचे पाच-सहा खरे मुद्दे लिहून न्या. फारच आग्रह झाला तर जे घडलं तेवढंच लिहा आणि सरांना वाचून बदलायला सांगा. परदेशातली बरीच विद्यापीठं आता पत्र विद्यार्थ्याच्या हाती मागत नाहीत. थेट शिक्षकांच्या ईमेलवर लिंक पाठवतात. तिथं सरांच्या नावानं खोटा ईमेल काढणं हा गुन्हा तर आहेच, खोटी गवाहीही आहे. आणि शिक्षक नाही म्हणाले तर शुक्रिया म्हणून दुसऱ्या शिक्षकांकडे जा. मनाविरुद्ध लिहिलेलं कोमट पत्र नुकसानच करतं.

दुल्हाभाईंनी बागेतल्या मोसंबीची पिशवी भरून ठेवली होती, सरांना द्यायला. भाची म्हणाली, “अब्बा, पत्राआधी नको. तो सौदा होईल.” पिशवी घरीच राहिली.

निवडीची यादी अजून लागायची आहे. नाव येवो न येवो, यादी लागली की बाप-लेक सरांना भेटायला जाणार आहेत. मोसंबी तेव्हा न्यायची, असं ठरलं आहे.