खुराड्यातील गणित



कोकणातील आमच्या घरी परसात एक कोंबडा आणि सहा कोंबड्या होत्या. शिमग्याच्या सुमारास पिल्ले निघाली. त्यांतली सात जगली: तीन नर आणि चार माद्या. दिवाळीच्या सुटीत गावी गेलो, तर परसाचे रणांगण झालेले! दोन कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या होत्या, एका तलंगेच्या मानेला जखम होती आणि एक तरुण कोंबडा माझ्या लहान भाचीच्या अंगावर धावून गेला. "वाणच भांडकुदळ निघालं," आई म्हणाली. मी पदार्थविज्ञानाचा माणूस. टेप घेऊन आधी खुराडे मोजले.

भांडणामागची शिस्त

नॉर्वेतील थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या निरखण्याचा छंद होता. कोण कोणाला टोच मारते, याची ते टिपणे ठेवीत. १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दाखवून दिले, की कोंबड्यांत मानाचा एक क्रम असतो. त्याला आपण 'टोचक्रम' म्हणू. हा क्रम एकदा ठरला, की वरचीने नुसती मान उगारली तरी खालची बाजूला होते. म्हणजे टोचक्रमामुळे भांडणे वाढत नाहीत, उलट कमी होतात. मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात: एकमेकींची ओळख आणि बाजूला व्हायला जागा.

आता हिशेब करू

न पक्षी असतील, तर त्यांच्या जोड्या न(न−१)/२ होतात. सात पक्ष्यांच्या जोड्या २१, चौदांच्या ९१! पक्षी दुप्पट झाले, पण ज्यांच्यात वाद होऊ शकेल अशा जोड्या चौपटीहून अधिक झाल्या. आमचे खुराडे ७ फूट × ६ फूट, म्हणजे ४२ चौरस फूट. पूर्वी दर पक्ष्याला ६ चौरस फूट मिळत. आता फक्त ३. हरलेल्या कोंबडीने पळावे कुठे? ती समोरच राहते, म्हणून पुन्हा टोच खाते. एकदा रक्त दिसले, की बाकीच्याही तिथेच टोचू लागतात.

नरांचा प्रश्न आणखी बिकट असतो. वयात आल्यावर वृषणांतील संप्रेरक रक्तात मिसळते; तुरा वाढतो, आरवणे सुरू होते आणि झुंजीही. एकट्या कोंबड्याला प्रतिस्पर्धीच नसतो. चार कोंबड्यांत झुंजणाऱ्या जोड्या सहा! शिवाय चौघेही त्याच माद्यांच्या पाठीवर चढतात आणि त्यांची पिसे जातात.

मग उपाय काय?

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आम्ही जुना कोंबडा ठेवला. एक तरुण कोंबडा शेजाऱ्यांना दिला, दोन बाजारात विकले. अकरा पक्षी उरले: जोड्या ५५, आणि दर पक्ष्याला सुमारे ३.८ चौरस फूट. जखमी तलंगेला बरी होईपर्यंत जाळीआड वेगळे ठेवले. तिथून तिला बाकीच्या दिसत होत्या, त्यामुळे ओळख तुटली नाही. नवा पक्षी आणतानाही आठवडा-दोन आठवडे असेच करावे. दाणापाण्याची भांडी दोन ठिकाणी, दूर दूर मांडली. एकच कोंबडी दोन्हींवर पहारा करू शकत नाही!

कोंबडा अंगावर आला, तर पाठ फिरवून पळू नका आणि त्याला लाथही मारू नका. सूप किंवा फळी मध्ये धरून सावकाश मागे सरा. त्याच्या पायामागचा टोकदार काटा लहान मुलांच्या डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून माणसांवर वारंवार धावणारा कोंबडा मुले असलेल्या घरी ठेवू नये.

संक्रांतीला गेलो, तेव्हा उघड्या पाठींवर नवी पिसे फुटली होती. वाण तेच होते. बदलले होते ते गणित.

करून पहा: पाच-सहा कोंबड्यांच्या पायांत निरनिराळ्या रंगांची सैल कडी घाला. आठवडाभर रोज अर्धा तास निरीक्षण करून, कोणी कोणाला टोचले याचा तक्ता भरा. कधी कधी गंमत दिसते: लाल हिरवीला टोचते, हिरवी पिवळीला आणि पिवळी पुन्हा लालला! अशा वेळी पहिला नंबर कोणाचा? उत्तर तुमच्या शिक्षकांबरोबर शोधा.