वाघाने दाखवलेली वाट : सूर्यमाळपल्याडची नाथगुंफा

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्यातील सर्वांत उंचावरच्या ठिकाणांपैकी एक असून सध्या त्याची ओळख थंड हवा, पावसाळी धुके आणि आमले परिसरातील जंगल एवढ्यावरच आटोपली जाते. मात्र या पठाराच्या पूर्वेला त्र्यंबक-अंजनेरीची जी डोंगररांग उभी आहे, तिच्याशी इथल्या माणसांचे नाते पर्यटनाच्या कितीतरी आधीचे आहे. मोखाड्याहून मोरचुंडी आणि तोरंगणमार्गे घाट चढून जाणारा रस्ता त्र्यंबकेश्वरला पोहोचतो, आणि त्र्यंबकेश्वराच्या पाठीशी असलेल्या ब्रह्मगिरीच्या कड्यात, गंगाद्वाराजवळ, ती गुंफा आहे जिच्याशी ज्ञानदेवांच्या गुरुपरंपरेची कथा जोडलेली आहे.

ब्रह्मगिरीचा ज्ञात इतिहास सर्वपरिचित आहे. गौतम ऋषी, त्यांना लागलेले गोहत्येचे पातक, गोदावरीचे अवतरण, पुढे यादव, निजामशाही, मोगल आणि मराठे यांच्या हाती फिरलेला त्र्यंबकगड आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला त्याचा ताबा, हे सारे कोणत्याही यात्रामाहितीत सापडते. गंगाद्वाराच्या पायऱ्या चढताना लागणाऱ्या ‘मेटां’कडे, म्हणजे गडाच्या पहारेकऱ्यांच्या चौक्यांभोवती वाढलेल्या वस्त्यांकडे, मात्र यात्रेकरूंचे लक्ष फारसे जात नाही. वर गंगाद्वारापाशी गोदावरीचे ठाण आणि कोलांबिका देवीचे स्थान आहे, जवळच खडकात कोरलेली १०८ शिवलिंगे आहेत, आणि त्याच कड्यात ही नाथगुंफा आहे.

तिच्या नावाचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. लोकांच्या बोलण्यात ती गोरखनाथांची गुंफा आहे, परंतु तिचे महत्त्व ज्या प्रसंगामुळे आहे त्याचे नायक गोरखनाथांचे शिष्य गहिनीनाथ आणि गहिनीनाथांचे शिष्य निवृत्तिनाथ हे आहेत. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी परंपरा सांगतात. मत्स्येंद्रांची आणि भग्नावयव, म्हणजे हातपाय तुटलेल्या, चौरंगीनाथांची भेट सप्तशृंगीवर झाली असे स्थळासह नोंदवतात, पण आपल्या थोरल्या भावाला, निवृत्तीला, गुरू कुठे भेटले, त्या गुहेचा तिथे उल्लेखही करत नाहीत. गुहा पुरवली ती पुढच्या संतचरित्रांनी आणि लोककथेने, आणि त्यांचेही स्थळाविषयी एकमत नाही, कारण काही कथनांत हीच भेट शेजारच्या अंजनी पर्वतावर, म्हणजे आजच्या अंजनेरीवर, घडते. गुरूच्या भेटीला डोंगराची गुहाच हवी, हा नाथपंथाचा आग्रह पाहता एका कथेला दोन डोंगरांनी आपले म्हणावे यात नवल नाही.

कथा अशी की, निवृत्ती-ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत पत्नी आणि मुलांसह रात्री ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाटेत वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली, आणि चुकलेला निवृत्ती जीव वाचवण्यासाठी ज्या गुहेत शिरला तिथे गहिनीनाथ बसलेले होते; त्यांनी त्या मुलाला अनुग्रह दिला, अर्थात दीक्षा देऊन शिष्य केले, आणि निवृत्तीने तेच ज्ञान धाकट्या ज्ञानदेवाला दिले. चरित्रकार या वाघाला निमित्तमात्र मानून पुढे निघून जातात, आणि ही घाई खटकते. वाघ नसता तर निवृत्ती गुहेत शिरता ना, आणि गहिनीनाथांसारखा सिद्ध त्या कुटुंबाला दिवसाउजेडी, सरळ वाटेने भेटल्याचे कोणीही सांगत नाही.

सूर्यमाळच्या बाजूने पाहिले तर हा वाघ अधिक ओळखीचा वाटतो. जव्हार-मोखाड्यातील वारली, कोकणा, ठाकूर आणि महादेव कोळी समाजांत वाघ हा देव आहे. गावाच्या शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी लाकडाच्या अथवा दगडाच्या फळीवर वाघाची आकृती कोरून, तिच्यावर चंद्र-सूर्य काढून, शेंदूर फासून त्याची स्थापना केली जाते, आणि आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी त्याला नैवेद्य दाखवून गुरांची राखण मागतात. ही फळी घडवणाऱ्याच्या हातात बारकावे नसतात. वाघ पुष्कळदा बैलासारखा दिसतो, पण त्याचे तोंड कुठल्या दिशेला असावे याविषयी गावात काटेकोर मते असतात. मोखाड्यातून वाहणाऱ्या एका नदीचे नावही वाघ असेच आहे. वारकऱ्यांच्या कथेत भय घालून शिष्याला गुरूकडे धाडणारा आणि या पठारावर शीव राखणारा, हे दोन वाघ एकाच जंगलात वाढलेले असावेत, असे मानायला ग्रंथाचा आधार नाही. त्या दोहोंमधली डोंगररांग मात्र एकच आहे.

या रांगेचे आजचे हाल सांगण्याजोगे नाहीत. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला बांधकामासाठी चाललेल्या खोदकामावर त्र्यंबकचे रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी वारंवार आक्षेप घेत आले आहेत, आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या प्रदक्षिणेनंतर फेरीच्या वाटेवर उरणारा प्लास्टिकचा थर हा वेगळाच विषय आहे. पाण्याचा हिशेबही असाच उफराटा आहे. याच डोंगरांत उगम पावून पश्चिमेला वळणारी वैतरणा मोखाड्यातून जाते, तालुक्यातील कोचाळे येथे २०१४ मध्ये कार्यान्वित झालेल्या मध्य वैतरणा धरणात अडते आणि तिथून मुंबईला पोहोचते, तर धरणाच्या आसपासचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी मोठी यात्रा भरते आणि दूरदूरच्या दिंड्यांबरोबर जव्हार-मोखाड्याकडचे माळकरीही घाट चढून येतात. समाधीचे दर्शन, कीर्तन आणि परतीची घाई यांत बहुतेकांना गंगाद्वारापर्यंत जाणे जमत नाही, आणि गेलेच तर गोदावरीचे तीर्थ घेऊन ते उतरतात. गुंफेच्या तोंडाशी रेंगाळणाऱ्यांत वारकऱ्यांपेक्षा नाथपंथी गोसावीच अधिक असतात.