खाऱ्या पाण्याच्या शेजारी विजेचा पहिला धडा

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील खारदांडा हा समुद्रकाठचा जुना कोळीवाडा. होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी आणि बाराही महिने दमट, खारी हवा ही त्याची ओळख. उपनगरांना वीज पुरविण्यासाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. पुढे कंपनीचे नाव व मालकी बदलली. परंतु वीज मात्र घरोघरी पोहोचली. खारे पाणी आणि वीज जेथे शेजारी नांदतात, तेथील सहावी-सातवीच्या मुलामुलींना विद्युत परिपथ नीट समजणे अगत्याचे आहे.

परिपथ म्हणजे काय?

बॅटरीतील एक घट दीड व्होल्टचा असतो. घटाच्या एका टोकापासून तार निघते, ती दिव्यातून जाते आणि घटाच्या दुसऱ्या टोकाशी परत येते. या अखंड वाटेस परिपथ म्हणतात. वाट कोठेही तुटली की धारा थांबते व दिवा विझतो. बटण म्हणजे ही वाट आपल्या इच्छेनुसार जोडण्याची व तोडण्याची सोय होय.

दोन दिवे एकापुढे एक जोडले तर ती एकसर जोडणी. तीत दोन्ही मंद होतात आणि एक निकामी झाला की दुसराही विझतो. प्रत्येक दिव्यास स्वतंत्र वाट दिली तर ती समांतर जोडणी. घरातील दिवे व पंखे समांतर जोडलेले असतात, म्हणूनच एक बंद केला तरी दुसरा चालू राहतो.

मिठाचा गुण

तांबे व लोखंड सुवाहक, तर कोरडे लाकूड, रबर व प्लॅस्टिक दुर्वाहक आहेत. शुद्ध पाण्यातून धारा जवळजवळ वाहत नाही. मीठ विरघळले की त्याचे विद्युतभारित कण सुटे होऊन धारा वाहून नेतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १८०० साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने आपल्या पहिल्या विद्युतघटमालेत धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडेच ठेवले होते.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. तीन घट, ३३० ओहमचा एक रोध व एक लाल एलईडी एकसर जोडावे आणि तारांची मोकळी टोके पेल्यातील शुद्ध पाण्यात, एकमेकांना न टेकतील अशी, बुडवावी. दिवा लागत नाही. चमचाभर मीठ ढवळताच तो उजळतो. न उजळल्यास एलईडीची टोके उलटी जोडून पाहावी.

धोक्याचा हिशेब

ओहमच्या नियमानुसार व्होल्टास रोधाने भागले की धारा मिळते. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. ओल्या, खारट हातांमुळे शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. तीन घटांचे साडेचार व्होल्ट अशा शरीरातून केवळ साडेचार मिलिअँपिअर धारा पाठवतील. घरातील २३० व्होल्ट मात्र २३० मिलिअँपिअर पाठवतील, आणि ती प्राणघातक ठरू शकते.

‘एकाच तारेला हात लागला, मग परिपथ पुरा कसा झाला?’ असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. वीजपुरवठ्याची न्यूट्रल बाजू जमिनीशी जोडलेली असते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून धारा जमिनीत व तेथून मूळ स्थानी परतते. माणूसच परिपथाचा भाग बनतो.

यासाठीच उपकरणाच्या धातूच्या आवरणास भूसंपर्क तार जोडतात. बिघाड होताच धारा त्या सोप्या वाटेने जाते व वितळतार तुटते. गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्यापूर्वी किंवा पोहोचताच क्षणार्धात पुरवठा तोडणारे स्वयंचलित बटणही आता उपलब्ध आहे.

शाळेतून घराकडे

प्रयोग फक्त सुट्या घटांवर करावेत. भिंतीवरील प्लगला विद्यार्थ्यांनी हात लावू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा. किनाऱ्यावरील खारी ओल तारांच्या जोडांवर व भेगा पडलेल्या आवरणांवर साचते. तेव्हा शाळा, मासळी बाजार व सार्वजनिक नळ येथील जोडण्यांची आणि भूसंपर्काची पावसाळ्यापूर्वी जाणकार तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे, हे किनारी गावांतील पंचायत सदस्यांचेही कर्तव्य ठरते. ओल्या हाताने बटणाकडे जाणाऱ्या आईला ‘आधी हात पूस’ असे सांगणारी मुलगी हा धडा खऱ्या अर्थाने शिकली, असे म्हणता येईल.