‘नेटवर्क नाही’ म्हणजे नेमकं काय नाही? वाय-फाय ॲनालायझर आणि निदानाची शिस्त

लिंबागणेश आणि परिसरातून आलेले ग्रामस्थ, शिक्षक, सेवा केंद्रं चालवणारी तरुण मंडळी आणि हे व्याख्यान नंतर ऑनलाइन वाचणारे श्रोतेहो,

तत्त्वज्ञानाच्या माणसानं हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटलं असेल. आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलं. त्या शास्त्राचा मूळ प्रश्न साधा आहे. एखादी गोष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ हे आपण कशाच्या बळावर म्हणतो? आणि आज गावोगावी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं ‘नाही’ कोणतं असेल, तर ते ‘नेटवर्क नाही’ हे.

हे वाक्य फुकट पडत नाही. पीक विम्याचा अर्ज भरायची मुदत संपत आलेली असते, केंद्रासमोर रांग असते आणि आतून आवाज येतो, ‘नेटवर्क नाही, उद्या या’. माणूस हातातलं काम टाकून आलेला असतो, तो तसाच परत जातो. मग कुणी म्हणतं राउटर खराब आहे, कुणी म्हणतं कंपनी लुबाडते, कुणी म्हणतं शेजाऱ्यानं पासवर्ड चोरला. नवा राउटर येतो, पैसे जातात, शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं आणि दोष जिथल्या तिथं राहतो. निदानाआधीच औषध दिलं की असंच व्हायचं. म्हणून आज आपण बोलणार आहोत ते हातात मावणाऱ्या वाय-फाय ॲनालायझरबद्दल. तो काय दाखवतो, काय दाखवत नाही आणि त्याच्या आधारानं दोष कसा शोधायचा.

एका ‘नाही’च्या पोटात तीन ‘नाही’

सेवा केंद्रातला संगणक आणि बाहेरचं जग यांच्यात किमान तीन टप्पे असतात. संगणकापासून राउटरपर्यंतची हवा हा पहिला. राउटरपासून गावाबाहेर जाणारी फायबर किंवा इतर जोडणी हा दुसरा. आणि ज्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, तो लांबचा सर्व्हर हा तिसरा. तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी पडद्यावर चक्रच फिरतं. लक्षण एक, रोग तीन.

मोबाइलचं टॉवरवालं नेटवर्क हा आणखी वेगळा मामला. ज्या यंत्रात सिमकार्ड आहे आणि जे टॉवरशी बोलतं, त्याची तक्रार वाय-फाय ॲनालायझरला कळणार नाही. दोन्हीला आपण ‘नेट’च म्हणतो, पण लहरींच्या जागा वेगळ्या.

म्हणून पहिली परीक्षा यंत्राशिवायच करायची. राउटरला थेट केबल लावून संगणक चालवून पाहा. केबलवरही काम रखडत असेल, तर दोष निव्वळ हवेचा नाही. केबलवर सुरळीत आणि वाय-फायवर रखडत असेल, तर दोष हवेत आहे, आणि मगच ॲनालायझर बाहेर काढायचा. आपल्या परंपरेत याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असताना कार्य असतं का आणि कारण काढून घेतलं की कार्यही जातं का, हे दोन्ही बाजूंनी पाहायचं.

हवेतलं गायरान

आता ही हवा कुणाच्या मालकीची? मोबाइल कंपन्या लिलावात लहरींचे पट्टे घेतात. ती त्यांची सातबाऱ्यावर नाव लागलेली जमीन समजा, दुसऱ्यानं तिथं पाऊल टाकायचं नाही. वाय-फायचं तसं नाही. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ते गायरान आहे. ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत कुणीही तिथं आपली गुरं सोडावीत. अट अशी की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षणाचा हक्क सांगायचा नाही. त्यामुळे तिथं वाय-फाय चरतं, ब्लूटूथ चरतं, बिनतारी कॅमेरे चरतात आणि २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारी मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा थोडीफार गळते.

या गायरानात १ ते १३ असे चॅनेल आखलेले आहेत. शेजारच्या दोन चॅनेलच्या मध्यांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं, पण वाय-फायचं एक प्रक्षेपण पसरतं सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणजे तेरा वाफे आखले, पण प्रत्येक वेल चार वाफ्यांवर पसरतो. एकमेकांत न गुंतणारे म्हणून १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल वापरायचा प्रघात पडला.

दोन राउटर एकाच चॅनेलवर असले, तर ते एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि थांबून पाळी घेतात. वेग वाटला जातो, पण शिस्त राहते. एक राउटर १ वर आणि दुसरा ३ वर असला, तर अर्धवट गुंतागुंत होते. एकाचं बोलणं दुसऱ्याला नीट कळत नाही, नुसता गोंगाट वाटतो. सप्ताहात एकच माइक आळीपाळीनं घेणारे दोन गायक आणि शेजारच्या दोन मांडवांतले दोन भोंगे, एवढा हा फरक आहे. ‘३ नंबर मोकळा दिसतोय, तिथं जाऊ’ हा सल्ला म्हणूनच बहुधा घातक ठरतो.

यंत्र काय सांगतं

ॲनालायझरच्या पडद्यावर चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, सिग्नलची ताकद. ती डीबीएममध्ये, उणे आकड्यांत येते. उणे ४० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत कामाचं, उणे ८० म्हणजे कसंबसं. ही मोजणी पटीची असते. १० नं खाली उतरलं की ताकद दहाव्या हिश्शावर येते. उणे ४० आणि उणे ७० यांत हजार पटींचा फरक आहे. माळवदाच्या जाड मातीच्या भिंती आणि पत्रे यांचा हिशेब इथं दिसतो. पत्रा लहरींना जवळजवळ परतवूनच लावतो.

दुसरी, गोंगाटाची पातळी. ती साधारण उणे ९५ च्या आसपास असेल आणि सिग्नल उणे ६५ असेल, तर मध्ये ३० ची मोकळीक आहे. गोंगाटच उणे ७५ वर चढला, तर तोच सिग्नल अपुरा पडतो. फोनवरच्या पट्ट्या पूर्ण असूनही नेट रखडतं, त्याचं एक कारण हे. पट्ट्या आवाज मोजतात, गोंगाट मोजत नाहीत.

तिसरी, चॅनेल किती वेळ व्यापलेला आहे, त्याची टक्केवारी. लांब कोपऱ्यातला कमजोर फोन अतिशय मंद वेगानं बोलतो. तेवढाच मजकूर पाठवायला तो कितीतरी जास्त वेळ हवा अडवून धरतो आणि बाकीचे खोळंबतात.

चौथी, पुन:प्रेषण. वाय-फायमध्ये पाठवलेल्या तुकड्याची पोच यावी लागते. ती आली नाही तर तो पुन्हा पाठवतात. हे प्रमाण चढलेलं दिसलं, तर कुठंतरी टक्कर होते आहे असं समजावं.

घडा आणि पिशाच

आता आमच्या विषयाकडे येतो, कारण खरी चूक इथं होते. ‘जमिनीवर घडा नाही’ हे ज्ञान आपल्याला कसं होतं? कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेनं यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. नैयायिकांना ते वेगळं मानायची गरज वाटली नाही. पण एका अटीवर दोघांचंही एकमत आहे. ‘दिसत नाही’ वरून ‘नाही’ म्हणायचं, तर ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी योग्यता हवी. उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध झालं नाही. आणि पिशाच मुळात दिसण्याजोगं मानलेलंच नाही. ते दिसत नाही, एवढ्यावरून ‘इथं पिशाच नाही’ हे सिद्ध होत नाही.

हाच नियम ॲनालायझरला लावा. राउटर आपल्या असण्याची दवंडी सेकंदाला साधारण दहा वेळा पिटतो. तिला बीकन म्हणतात. तुम्ही राउटरच्या शेजारी उभे आहात आणि बीकन येणं थांबलं, तर राउटर बंद पडला हे ठामपणे म्हणता येतं. वीज खाली-वर झाली की राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. नोंदीत बीकन दोन-तीन मिनिटं गायब आणि मग हजर असं दिसतं. इथं दोष लहरींचा नाही, विजेचा आहे. ही घड्याची अनुपलब्धी.

उलट, फोनवरचं फुकटचं ॲप काय पाहतं? फक्त वाय-फायची भाषा बोलणाऱ्यांची यादी. भट्टी, जुना बिनतारी कॅमेरा, खराब अडॅप्टर यांना ती भाषा येत नाही. ते ॲपला दिसणारच नाहीत. शिवाय अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून समोर चालू असलेल्या ॲपलाही दोन मिनिटांत चारच वेळा हवा चाळता येते, त्यामुळे क्षणभराचा उपद्रव निसटतो. ॲपवर चॅनेल मोकळा दिसला म्हणून हवा मोकळी, असं म्हणणं म्हणजे पिशाच दिसलं नाही म्हणून नाही म्हणणं. त्यासाठी स्पेक्ट्रम ॲनालायझर लागतो. तो भाषा पाहत नाही, नुसती ऊर्जा पाहतो. चांगल्या हातयंत्रांत व्यापलेल्या वेळापैकी वाय-फायचा भाग किती आणि परका किती, हे वेगळं दाखवायची सोय असते.

पार्क्सची भट्टी, खोडदचे डोंगर

ऑस्ट्रेलियात पार्क्स इथं ६४ मीटरची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नोंदींत १९९८ पासून अधूनमधून विचित्र स्पंद दिसत. ते आकाशातले नसून पृथ्वीवरचे असावेत अशी शंका होती, पण उगम सापडेना. तिथं उपद्रवी लहरींवर पाळत ठेवणारं यंत्र बसलं, आणि २०१५ मध्ये त्या स्पंदांच्या वेळीच २.४ गिगाहर्ट्झलाही ऊर्जा दिसू लागली. शोध घेता घेता मंडळी पोचली वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह भट्टीपाशी. चालू भट्टीचं दार मध्येच उघडलं आणि दुर्बीण त्या दिशेला योग्य कोनात असली की स्पंद उमटे. त्यांनी मुद्दाम तसं करून तो उमटवूनही दाखवला. दुर्बीण तीच आणि माणसंही तीच. भर पडली ती योग्य जागी पाहणाऱ्या यंत्राची.

आपल्या महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या या दुर्बिणीसाठी जागा निवडताना मानवनिर्मित लहरी कमी असणं हा मोठा निकष होता. भोवतालचे डोंगर आडोसा देतात. आपला बालाघाटही लहरी अडवतो. डोंगर तोच, पण खोडदला तो वरदान आणि टॉवरची वाट पाहणाऱ्या वाडीला अडचण. दुर्बिणीच्या माणसांना स्वतःच्या यंत्रांच्या लहरीही कोंडून ठेवाव्या लागतात. आपणही तपासणी करताना खिशातला फोन आणि त्याचा हॉटस्पॉट आधी बंद करावा.

तपासणीची रीत

समजा, रस्त्याकडेला एक सेवा केंद्र आहे आणि दुपारी बारानंतर ते रखडतं. केबलची परीक्षा झाली, दोष हवेत आहे. मग असं करावं.

सकाळी सगळं सुरळीत असताना चारही आकडे वहीत लिहा. निरोगी माणसाची नाडी माहीत नसेल, तर तापाची कशी ओळखणार? बारानंतर त्याच जागी उभं राहून तेच आकडे पुन्हा घ्या. ताकद तीच पण गोंगाट चढला, तर परका उगम. ताकद तीच, गोंगाट तोच, पण व्यापलेला वेळ वाढला, तर शेजारी वा आपलीच गर्दी. उगम शोधायला दिशादर्शी अँटेना घेऊन दोन-तीन जागांवरून रोख पाहा. रोख जिथं मिळतात तिकडं चालत जा. मग एकच गोष्ट बदला, चॅनेल किंवा राउटरची जागा, आणि पुन्हा मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही.

आणि एका दिवसाचं माप सगळ्या दिवसांना लावू नका. चतुर्थीला भालचंद्राच्या दर्शनाला गर्दी होते. शेकडो फोन ओळखीचं वाय-फाय शोधत हाका मारत असतात, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. त्या दिवशीची हवा वेगळीच असते.

प्रश्नोत्तरांतून

एका ताईंनी विचारलं, ‘या यंत्रानं शेजारी काय पाहतो ते कळतं का?’ नेटवर्कची नावं आणि उपकरणांचे क्रमांक दिसतात. पासवर्ड लावलेल्या जाळ्यातला मजकूर कुलूपबंद असतो. तरीही कोणतं उपकरण कधी चालू होतं, एवढ्यावरून घरात कुणी आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. म्हणून आपल्या जाळ्यापुरतं मोजावं आणि दुसऱ्याची नोंद ठेवू नये.

एका तरुणानं विचारलं, ‘सर, दोष शेजाऱ्याच्याच राउटरचा निघाला तर?’ गायरानात कुणी कुणाला हुसकावू शकत नाही. वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जा आणि म्हणा, काका, तुमचा ३ वर आहे, आमचा १ वर. तुम्ही ६ घ्या, दोघांचंही सुधारेल. ‘तुमच्यामुळे नेट जातं’ असं म्हणून गेलात तर भांडण होईल. आकडे घेऊन गेलात तर दोघं मिळून एकाच कागदाकडे बघाल. दोष कुणाचा हे ठरवण्याआधी दोष कुठं आहे ते पाहायचं, आमच्या शास्त्रानं आम्हाला एवढंच शिकवलं.