नासाकोटर शस्त्रक्रियोत्तर आसंजन

नाकाच्या पोकळीतील समोरासमोरच्या दोन जखमी पृष्ठभागांमध्ये व्रणऊतकाचा (जखम भरताना तयार होणाऱ्या तंतुमय ऊतकाचा) बंध निर्माण होऊन ते एकमेकांस चिकटण्याच्या क्रियेस आसंजन म्हणतात. नासाकोटरांवरील (चेहऱ्याच्या हाडांतील, नाकात उघडणाऱ्या पोकळ्यांवरील, सायनसवरील) शस्त्रक्रियेनंतर हा उपद्रव नेहमी आढळतो. मधली शुक्तिका (नाकात लोंबणारी, श्लेष्मकलेने आच्छादलेली पातळ अस्थी) व नाकाची बाह्य भित्ती यांच्या दरम्यान तो विशेषेकरून होतो, कारण तेथील जागा मुळातच फार अरुंद असते. लहानसा बंध पुष्कळदा त्रास देत नाही. परंतु त्यामुळे कोटराचे द्वार झाकले गेल्यास स्राव आत साचतो व मूळ विकार पुन्हा उद्भवतो.

आसंजनाचा आरंभ रक्ताच्या गुठळीपासून होतो. गुठळीतील फायब्रीनाचा पूल दोन्ही जखमांना जोडतो, त्यात तंतुजनक कोशिका शिरतात आणि काही आठवड्यांत त्याचा चिवट पडदा बनतो. अखंड श्लेष्मकलेने झाकलेले पृष्ठभाग सहसा चिकटत नाहीत; प्रतिबंधाचे मूलतत्त्व हेच होय. पूर्वी कोटरातील रोगट श्लेष्मकला समूळ खरवडून काढीत. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील व्हाल्टर मेसरक्लिंगर यांच्या संशोधनामुळे ही दृष्टी पालटली व १९८५ च्या सुमारास दुर्बिणीद्वारे करावयाची, श्लेष्मकला राखणारी शस्त्रक्रिया रूढ होऊ लागली. तीत ऊतक ओढून न फाडता धारदार चिमट्याने कापतात.

शस्त्रक्रियेच्या शेवटी दोन पृष्ठभागांमध्ये सिलिकोनाची पट्टी किंवा आपोआप विरघळणारा पदार्थ ठेवतात. काही शल्यचिकित्सक शुक्तिका मधल्या पडद्यास टाका घालून जोडतात, म्हणजे नको तेथील आसंजन टाळण्यासाठी हवे तेथे आसंजन घडवून आणतात. तथापि नंतरच्या देखभालीवाचून हे उपाय अपुरे पडतात. साधारणपणे पहिल्या आठवड्यापासून दुर्बिणीने तपासून गुठळ्या व खपल्या काढाव्या लागतात. कोवळा बंध याच वेळी सहज सोडविता येतो.

धाराशिव जिल्ह्यासारख्या भागात खरी अडचण या फेरतपासणीचीच आहे. धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी अशा महाविद्यालयीन उपचारांसाठी सोलापूर, लातूर वा अंबाजोगाई गाठावे लागे. परांडा किंवा उमरगा तालुक्यातील रुग्णास आजही जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यात दिवस मोडतो आणि नाक मोकळे वाटू लागले की फेरी टाळली जाते. बंध मात्र याच काळात पक्का होतो. म्हणून परत येण्याची शाश्वती नसलेल्या रुग्णाच्या नाकात न विरघळणारी पट्टी ठेवणे इष्ट नव्हे.

घरी मिठाच्या पाण्याने नाक दिवसातून दोन-तीन वेळा धुतल्यास खपल्या सैल होतात. हठयोगातील जलनेतीशी या कृतीचे साम्य आहे. मात्र ती केव्हा सुरू करावयाची हे शल्यचिकित्सकाने ठरवावयाचे असते. एक लिटर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ घालतात. पाणी उकळून निवविलेलेच असावे. टंचाईच्या दिवसांत टँकरचे किंवा विहिरीचे पाणी तसेच वापरणे धोक्याचे असते, कारण क्वचित त्यातील नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक ठरतो.